उपाशीपोटी

गोळी पांढरी, ज्वारीच्या दाण्याहून लहान.
उठल्याबरोबर घ्यायची, चहाच्या आधी, उपाशीपोटी.
मी सांगत होते तशी ती हसली.
"उपाशीपोटीच तं रायतो बाई आमी, बारा वाजेलोक.
मंग कधी घेऊ?"

सुकेशनी भगत, पाचवा महिना,
धंदा: कापूस वेचणी, दहा रुपये किलो.
तिच्या रक्ताची नळी यवतमाळला गेली होती
साडेदहाच्या एस्टीनं, बर्फाच्या डब्यात,
कंडक्टरच्या सीटखाली कोणाच्या तरी कोंबडीशेजारी.
नवव्या दिवशी परत आली, एक आकडा होऊन.

राळेगावचे डॉक्टर तिच्या मागे उभे राहिले,
बोटं गळ्यावर, पोतीच्या जरा वर.
गीळ, म्हणाले.
तिनं गिळलं.
पुन्हा गीळ.
खोलीत तेवढाच आवाज होता.

तिथं आत काहीतरी मंद झालंय,
मला एवढंच सांगता आलं.
चुलीत ओली पऱ्हाटी घातल्यावर होतं तसं,
धूर सगळा, आच नाही.
म्हणून ही थंडी, म्हणून हे केस गळणं,
म्हणून धुऱ्यावर बसल्या बसल्या झोप.
सासू पदर सावरत म्हणाली,
"आयस हाय आंगात.
त्याले आता थायरॉइड म्हनते."

आठव्या महिन्यात एका मंगळवारी ती आली नाही.
मशीन पिशवीत टाकलं, मीच गेले वावरात.
तिसरी वेचणी. कापूस उरलेला, तुटक.
बाया म्हणाल्या, तेज पाहा तोंडावर, पोरगाच होते.
मी तेज पाहिलं नाही.
बोटं पाहिली, बोंडासारखी टरारलेली,
अंगठीवर मांस चढलेलं.
नडगीवर अंगठा दाबला, उचलला.
खड्डा तसाच राहिला,
ओल्या मातीत बकरीचा खूर राहतो तसा.

"डोकं दुखतं?"
"हाव. दोन दिसापासून."
"डोळ्यांपुढे काही येतं?"
"कापूसच दिसते जी.
वेचून झाला त्या तासातबी."

कापसाच्या गाठोड्यावर बसवून पट्टा बांधला.
एकशेसाठ. खाली एकशेदहा.
थांबून पुन्हा मोजलं,
जणू माझी भीड धरून पारा उतरणार होता.

गोळ्या घेतल्यास का, विचारलं,
ती मातीकडे पाहत म्हणाली,
"अर्धी घेतो. अर्धी जावेले देतो.
तिचंबी असंच होते, बाई. दोन गेले तिचे."

एकशेआठची गाडी पाटाच्या रस्त्यानं येईपर्यंत
दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम दिलं.
फार दुखतं ते इंजेक्शन.
ओरड, मी म्हणाले, इथं कोणी नाही.
ती ओरडली नाही. गिळलं.

थायरॉइडमुळेच रक्तदाब चढला का?
डॉक्टर म्हणाले, संबंध असतो,
पण हिच्यात तोच, असं छातीठोक नाही सांगता येत.
कार्डावर त्यासाठी रकाना नाही.
अर्ध्या गोळीसाठीही नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

मुलगी झाली. एक किलो आठशे.
शुद्धीवर आल्यावर तिनं आधी वजन विचारलं,
मग ओठ हलले, हिशेब झाला.
"अठरा रुपयाची हाय माही पोरगी,"
आणि हसता हसता टाके दुखले तिला.
पोरीच्या टाचेला सुई लावली.
एक थेंब.
तोही जाईल आता साडेदहाच्या एस्टीनं.

पुढच्या मंगळवारी उपकेंद्राचं कुलूप काढायला गेले
तर पायरीवर एक बाई बसलेली,
बाही आधीच कोपरावर सरकवून.
नाव विचारायची गरज नव्हती.
चेहरा तोच फुगीर, डोळे तसेच जड,
पोट अजून दिसत नव्हतं.
"चाय नाही घेतला," ती म्हणाली,
मी काही विचारायच्या आधीच.
"उपाशी आलो."